दांड्यांची खुर्ची

मी कसब्याचा. हे वाक्य मी वाघोलीतल्या अकराव्या मजल्यावर बसून लिहितो आहे, पण त्याने काही बिघडत नाही. उलट कसब्याचा अभिमान लांबून बाळगायला फार सोपा जातो. गाडी लावायला जागा असते, टँकरचं का होईना पण पाणी येतं, आणि लिफ्टमध्ये एखादा आयटीतला मुलगा सापडला की ‘खरं पुणं तुम्ही पाहिलेलंच नाही’ हे त्याला सातव्या मजल्यापर्यंत ऐकवता येतं. तो सातव्यावर उतरतो. हल्ली तो जिन्याने जाताना दिसतो.

माझा जन्म कसबा पेठेतल्या एका हॉस्पिटलात झाला. आमच्या पिढीतल्या पेठेतल्या जवळजवळ सगळ्यांचा तिथेच झाला. त्याला एक लांबलचक नाव होतं, पण ते कुणी घेत नसे. ‘आपलं हॉस्पिटल’ म्हणायचं, पुढे काही विचारायचं नाही. पेठेतल्या व्यापाऱ्यांनी, मास्तरांनी, कारकुनांनी आणि तांबटांनी मिळून ते काढलेलं. आधी दोन खोल्यांचं प्रसूतिगृह, मग वरती मजला, मग ऑपरेशन थिएटर. रोख रक्कम काढून द्यायला पेठेतल्या माणसाचा हात जड, म्हणून ज्याने त्याने वस्तू दिल्या. कुणी खाट दिली, कुणी पंखा, कुणी अंघोळीचं पाणी तापवायचा तांब्याचा बंब. आणि पुणेकराने काही दिलं की ते दिल्याचं त्यावर लिहिलेलं असणारच. खाटेच्या उशाशी ‘स्मरणार्थ’, सलाइनच्या स्टँडवर ‘स्मरणार्थ’, वजनकाट्यावर ‘स्मरणार्थ’. पेशंटने जरा धीर यावा म्हणून वर पाहावं तर पंख्याच्या पात्यावर कैलासवासी. पंखा लावला की कैलासवासी गरगर फिरत, बंद केला की माणूस पडल्या पडल्या वाचायला लागे. ऐन थंडीतसुद्धा आमचे पेशंट पंखा चालू ठेवायला सांगत, ते उगीच नाही.

फक्त एका वस्तूवर कुणाचंच नाव नव्हतं. ती म्हणजे खुर्ची.

सागवानी, हातांची, वेताने विणलेली खुर्ची. दोन्ही हातांखालून दोन लांब दांडे पक्के बसवलेले, पुढे दोघांनी आणि मागे दोघांनी धरायचे. आमच्या बोळात गाडी शिरत नाही. दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकीला कुणाच्या तरी पायरीवर चढावं लागतं. म्हणून ही खुर्ची हॉस्पिटलच्या दारात, कायम बाहेर ठेवलेली. कुणाला काही झालं की घरातलं कुणीतरी दारात येऊन ओरडायचं, ‘खुर्ची!’ आणि त्या क्षणी बोळात जो असेल त्याने येऊन दांडा धरायचा. भांड्यांचा दुकानदार गिऱ्हाईक टाकून यायचा, पोस्टमन पिशवी ओट्यावर ठेवून. ज्याच्याशी नळावरून भांडण आहे त्याच्यासाठीही यावं लागे. आमच्या पेठेत कशालाही नाही म्हणायची मुभा होती, एवढं सोडून.

खुर्चीचे काही नियम होते आणि ते कुठेही लिहिलेले नव्हते, हे पुण्याच्या मानाने विशेष. पेशंटचं तोंड कायम पुढे, म्हणजे हॉस्पिटलकडे. वाटेत त्याला काय झालं म्हणून कुणी विचारायचं नाही. आणि खुर्चीत बसून गेलेल्या माणसाने बरं झाल्यावर घरी यायचं ते स्वतःच्या पायांनी. खुर्ची त्याच्या मागून रिकामी आणायची, त्याच्या दारापर्यंत, आणि मग परत हॉस्पिटलच्या दारात नेऊन ठेवायची. तो चालत येऊ लागला की लोक आपापल्या दारात येत आणि एवढंच म्हणत, ‘आलात?’ त्याने म्हणायचं, ‘आलो.’ संपलं. पेठेत इतक्या कमी शब्दांत दुसरं काहीच उरकत नसे. जो परत आला नाही त्याची खुर्ची कुणी आणत नसे. ती हॉस्पिटलच्या दारातच राही, आणि तिच्याकडे पाहून बोळाला काय ते समजे.

असं हे हॉस्पिटल बंद होणार असल्याची बातमी आली. कारणं सगळ्यांना माहीत होती आणि ती सगळी खरी होती, हीच त्यातली अडचण. बोळात अग्निशामक दलाची गाडी शिरत नाही, म्हणून परवानगीची पंचाईत. स्ट्रेचर मावेल अशा लिफ्टला जागा नाही. विम्याचं कार्ड चालत नाही. तरुण डॉक्टर येतात, गाडी कुठे लावू विचारतात आणि परत जातात. आणि मुख्य म्हणजे पेशंट येत नाहीत. विश्वस्तांनी ठरवलं, अमुक दिवसानंतर नवा पेशंट घ्यायचा नाही, आणि आत असलेला शेवटचा पेशंट घरी गेला की कुलूप लावायचं.

मला भयंकर संताप आला. मी ताबडतोब आमच्या शाळेच्या ग्रुपवर लिहिलं, ‘हे आपण होऊ देणार नाही.’ वाघोलीत सोफ्यावर बसून ‘आपण’ लिहिताना अंगावर मूठभर मांस चढतं. त्या एका वाक्यातून बचाव समिती जन्माला आली. अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक, मुक्काम कोथरूड. खजिनदार बिबवेवाडीचे. मी सचिव. प्रत्यक्ष कसब्यात राहणारा सभासद एकच, आईच्या शेजारचा भांड्यांचा दुकानदार, आणि तो सभेला कधी आला नाही, कारण तो कसब्यात असायचा आणि सभा मंडईजवळच्या एका हॉटेलात व्हायच्या. कसब्यात गाड्या लावायला जागा नसल्यामुळे तिथे सभा घेऊ नये, असा ठराव आम्ही पहिल्याच बैठकीत केला होता. समितीने एकमताने केलेला तो पहिला आणि शेवटचा ठराव.

दुसऱ्या बैठकीत मानवी साखळी करायचं ठरलं. एका रविवारी सकाळी आम्ही हॉस्पिटलसमोर हातात हात घालून उभे राहिलो. साखळी फाटकापासून बोळाच्या तोंडापर्यंत पोचायची होती, ती निम्म्यातच संपली. अध्यक्षांनी सगळ्यांना हात ताणायला सांगितले. मग रुमाल धरले, मग छत्र्या. तरी पोचेना तेव्हा भांड्यांच्या दुकानदाराने आतून सुतळीचं बंडल आणून दिलं आणि म्हणाला, ‘घ्या, आणि नंतर परत करा.’ अशी अर्धी माणसांची आणि अर्धी सुतळीची साखळी करून आम्ही घोषणा देत होतो, तेवढ्यात वरच्या खिडकीत डॉक्टरबाई आल्या.

डॉक्टरबाई म्हणजे हॉस्पिटलच्या पहिल्या डॉक्टरीणबाईंची मुलगी. सत्तरी ओलांडलेली, आवाज खणखणीत, लग्न केलं नाही आणि का केलं नाही हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. निम्मी पेठ त्यांच्या आईच्या हातावर जन्मलेली आणि उरलेली त्यांच्या. त्यांनी आमच्याकडे शांतपणे पाहून घेतलं आणि विचारलं, ‘अहो, एक सांगा. तुमच्यापैकी इथे शेवटचं ॲडमिट कोण झालं होतं?’

घोषणा थांबल्या. सगळे एकमेकांकडे पाहू लागले. शेवटी अध्यक्षांनी प्रामाणिकपणे हात वर केला. ‘मी. जन्मलो तेव्हा.’

‘बरं,’ डॉक्टरबाई म्हणाल्या. ‘तेव्हापासून तब्येत छान ठेवलीत.’ आणि खिडकी लावून घेतली.

हे आम्हाला फारच लागलं. त्याच दिवशी ठरलं की यापुढे प्रत्येक सभासदाने आजारी पडायचं ते इथेच. आणि तेव्हापासून एकालाही काही होईना. एरवी आमच्या ग्रुपवर रोज कुणाची तरी साखर वाढलेली असे, कुणाला तरी चक्कर. ठराव झाला आणि सगळे ठणठणीत. खजिनदार बिचारे तळपायाचं एक जुनं कुरूप घेऊन गेले, तर डॉक्टरबाईंनी त्यावर पट्टी चिकटवून त्यांना पुढच्या पाच मिनिटांत बाहेर काढलं.

माझा उजवा गुडघा मात्र खरोखर दुखत होता. जिना उतरताना तो मधूनच दगा द्यायचा. पण त्याची तारीख मी नदीपलीकडच्या एका मोठ्या हॉस्पिटलात आधीच घेऊन ठेवली होती. तिथे कार्ड चालतं, दोन मजली पार्किंग आहे आणि तळमजल्यावर चांगली कॉफी मिळते. हे समितीला सांगायचं माझ्याकडून राहून गेलं. अध्यक्षांच्या मोतीबिंदूचंही सांगायचं राहून गेलं होतं, ते मला त्या कॉफीच्या रांगेत समजलं. आम्ही एकमेकांना एका नातेवाइकाला भेटायला आलो असल्याचं सांगितलं आणि हॉस्पिटल वाचवण्यासाठी पुढे काय करता येईल यावर पाऊण तास चर्चा केली.

आणि मग, नव्या पेशंटसाठी दार बंद व्हायला दोनच दिवस उरले असताना, आई पडली.

आई कसब्यातच राहते. जुनं घर पाडून उभ्या केलेल्या इमारतीत तळमजल्यावर तिच्या दोन खोल्या आहेत. वय चौऱ्याऐंशी. वाघोलीला ती एकदा राहायला आली होती. चौथ्या दिवशी म्हणाली, ‘इथे खाली पाहिलं तर माणसं दिसतात, पण ओळखू येत नाहीत. मला सोड.’ मी सोडली. त्या सकाळी न्हाणीघराच्या उंबऱ्यात तिचा पाय सरकला. शेजारच्या दुकानदाराचा मला फोन आला आणि बचाव समितीच्या सचिवाने पहिली गोष्ट कोणती केली असेल तर नदीपलीकडच्या मोठ्या हॉस्पिटलला फोन करून अँब्युलन्स मागवली. मला एक क्षणही विचार करावा लागला नाही. ठराव, घोषणा, सुतळी, काही आठवलं नाही. आई पडली म्हटल्यावर मला जे सगळ्यात मोठं आणि चकचकीत होतं तेच हवं होतं.

नगर रस्त्याच्या गर्दीतून मी पोचलो तेव्हा अँब्युलन्स बोळाच्या तोंडाशी अडकून उभी होती आणि तिचा ड्रायव्हर एका भाजीवालीशी वाद घालत होता. आई घरी नव्हती. तिला खुर्चीतून नेऊन बराच वेळ झाला होता. मी लंगडत हॉस्पिटलात शिरलो तर ती वरच्या वॉर्डात पडलेली, पाय वाकडा, चेहरा पांढराफटक, पण जीभ शाबूत.

‘आलास का,’ ती म्हणाली. ‘तुझी वाट बघत बसले असते तर हाड आपोआप जुळून आलं असतं.’

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन लागणार होतं. मी डॉक्टरबाईंना बाजूला घेऊन, आवाज शक्य तितका खाली आणून म्हटलं की वय लक्षात घेता, सोयी लक्षात घेता, आईला जरा मोठ्या ठिकाणी हलवावं असं मला वाटतं.

‘न्या ना,’ डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज काही खाली आला नाही. ‘फक्त समितीची बैठक बोलवून न्या. सचिवांच्या आई आहेत.’

आईने खाटेवरूनच हात हलवून मला बोलावलं. ‘हे बघ. तुम्ही दोघं भावंडं इथे झालात. तुझे बाबा छातीत कळ आली तेव्हा याच खुर्चीतून आले आणि पंधरवड्याने चालत घरी गेले, बोळात सगळ्यांशी बोलत. मला काही बोलायचं नाही, पण चालत घरी जायचंय. तुझ्या त्या मोठ्या हॉस्पिटलातून मला गाडीत घालून परत आणणार, बोळाच्या तोंडाशी उतरवणार आणि मग उचलून आत नेणार. ते मला नको.’

‘आणि नाही चालता आलं तर?’ मी विचारलं. विचारायला नको होतं.

‘तर खुर्ची दारातच राहील,’ ती म्हणाली. ‘त्यात काय एवढं.’

गेली कित्येक वर्षं इथे येणारे हाडांचे डॉक्टर आले आणि त्यांनी ऑपरेशन केलं. ते चालू होतं तेवढा वेळ मी बाहेरच्या बाकावर बसून होतो. बाकाच्या पाठीवर कुणाच्या तरी आईच्या स्मरणार्थ असं कोरलेलं होतं. मी जागा बदलली. दुसऱ्या बाकावर कुणाच्या तरी वडिलांच्या. मी उभा राहिलो. मला फार भीती वाटत होती. साठी उलटलेल्या माणसाला आईसाठी एवढी भीती वाटत असेल याची मला कल्पना नव्हती. डॉक्टरबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, ‘झालं. उत्तम झालं. आता तुम्ही बसा, नाहीतर तुम्हालाही घ्यावं लागेल, आणि आम्ही नवे पेशंट बंद करतोय.’

दोन दिवसांनी नवे पेशंट खरंच बंद झाले. त्या आठवड्यात एक एक जण घरी गेला आणि वॉर्डात आई एकटी उरली. तिच्यासाठी एक सिस्टर थांबली होती, यवतमाळकडची, धिप्पाड आणि प्रेमळ. सकाळ-संध्याकाळ ती आईला वॉकर धरून उभी करायची. ‘चाला ना जी आजी, काऊन घाबरता? मी आहो ना मागं.’ आई पहिल्या दिवशी खिडकीपर्यंत गेली. दुसऱ्या दिवशी दारापर्यंत. मला फार आनंद होत होता.

आणि त्याच वेळी समितीच्या लक्षात एक गोष्ट आली. शेवटचा पेशंट घरी गेला की कुलूप. याचा अर्थ शेवटचा पेशंट घरी गेलाच नाही तर?

अध्यक्ष मला जिन्यात गाठून म्हणाले, ‘आईंची तब्येत कशी आहे?’

‘छान आहे. काल दारापर्यंत चालली.’

‘अरे अरे,’ अध्यक्ष म्हणाले. मग सावरून घेत म्हणाले, ‘म्हणजे, घाई करू नका हो. या वयात हाड जुळायला वेळ लागतो. आपण विश्वस्तांना पुन्हा निवेदन देतोय, एखादा महिना मिळाला तर बरंच काही करता येईल.’

मला त्यांना बोलायला तोंड नव्हतं, कारण हा विचार आदल्या रात्रीच माझ्या मनात येऊन गेला होता. दुसऱ्या दिवशी आई उठायला लागली तेव्हा मी म्हटलं, ‘आई, आज जरा आराम कर. रोज रोज कशाला दमतेस?’ जगात आईच्या बरं होण्याने अडचणीत आलेला मी पहिलाच मुलगा असेन. सिस्टरने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी खिडकीतून बाहेर बघू लागलो.

आई वॉकरला धरून उभी होती. तिला सगळं माहीत होतं. पेठेत तिला माहीत नाही असं काही घडतच नाही. ‘समिती माझ्या खुब्यावर चालवायची ठरलीय वाटतं,’ ती म्हणाली.

‘तसं नाही गं. पण तू गेलीस की हे बंद होणार. तुला काहीच वाटत नाही?’

‘वाटतं की. मला इथे पहिल्यांदा आणलं तेव्हा मी वीस वर्षांची होते आणि घाबरून रडत होते. डॉक्टरबाईंच्या आईने माझा हात धरला होता. तुझ्यापेक्षा मला जास्त वाटतं.’ तिने वॉकर पुढे सरकवला. ‘पण हॉस्पिटल माणसाला घरी पाठवण्यासाठी असतं रे. ठेवून घेण्यासाठी नसतं. चल, हो बाजूला.’

त्या दिवशी ती जिन्यापर्यंत गेली.

घरी जायची सकाळ ठरली. बोळात बातमी आधीच पोचली होती. डॉक्टरबाई खालपर्यंत सोडायला आल्या. आईने त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. मग आई वॉकर पुढे टाकत फाटकाबाहेर पडली, शेजारी सिस्टर, आणि मागून रिकामी खुर्ची. पुढचे दांडे भांड्यांच्या दुकानदाराने आणि त्याच्या नोकराने धरले. दांड्यांच्या मागच्या दोन टोकांवर समितीचा हक्क आहे असं अध्यक्षांचं म्हणणं पडलं, म्हणून एक त्यांनी धरला आणि एक मी. दुकानदाराने मला विचारलं, ‘गुडघा झेपेल ना?’ मी दुखावलो. सचिवाला असं विचारतात?

आई हळूहळू चालत होती. मी तिची पाठ पाहत होतो. लहानशी, ताठ पाठ. लोक दारात आले. ‘आलात काकू?’ ‘आले.’ चार पावलं. ‘आलात?’ ‘आले हो.’ मधे एकदा ती दमली आणि एका ओट्याला टेकून थांबली. खुर्ची अगदी मागेच होती, रिकामी, पण ती तिच्याकडे वळूनसुद्धा पाहीना. सगळा बोळ तिच्यासोबत थांबून राहिला. मग तिने श्वास घेतला, वॉकर उचलला आणि निघाली. माझे डोळे भरून आले आणि मला पुढचं नीट दिसेना. दांडा धरलेला माणूस डोळे पुसू शकत नाही, हे मला तेव्हा कळलं.

ती आपल्या दाराच्या पायरीशी पोचली. सिस्टरच्या हाताला धरून पायरी चढली. वळली. आणि त्याच क्षणी, आईच्या स्वागताला अख्खा बोळ उभा असताना, माझ्या उजव्या गुडघ्याने दगा दिला.

मी फरशीवर सपशेल बसलो. खुर्चीचा मागचा कोपरा माझ्याबरोबर खाली आला आणि अध्यक्ष कसेबसे बचावले. उठायचा प्रयत्न केला, पाय टेकवेना. दुखणं असं की तोंडातून आवाज निघेना. आमच्या बोळात असं काही झालं की काय करायचं हे कुणाला सांगावं लागत नाही. चार हातांनी मला उचललं, खुर्चीत बसवलं, कुणीतरी ‘चला, चला’ म्हणालं, दांडे उचलले गेले आणि खुर्ची वळली. तोंड पुढे, हॉस्पिटलकडे.

अशा रीतीने, चौऱ्याऐंशी वर्षांची आई नवा खुबा घेऊन चालत घरी पोचली आणि हॉस्पिटल बचाव समितीचे सचिव खुर्चीत. लोक हसत होते, मीही हसायचा प्रयत्न करत होतो. इतक्या वर्षांत मी त्या खुर्चीत कधी बसलो नव्हतो. तिथून बोळ वेगळाच दिसतो. सगळे आपल्यासाठी बाजूला होतात आणि कुणी काही विचारत नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की आता आपल्याला काही करायचं नाही, ही माणसं पाहून घेतील.

खुर्ची आठ-दहा पावलं गेली आणि थांबली.

समोर फाटक दिसत होतं. डॉक्टरबाई पाठमोऱ्या उभ्या होत्या आणि कडीला कुलूप अडकवत होत्या. ते नीट बसत नव्हतं, म्हणून दोन्ही हातांनी दाबत होत्या.

हसणं बंद झालं. दुकानदाराने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ‘कुठे घ्यायचं?’ त्याने विचारलं.

त्या खुर्चीत बसलेल्या माणसाला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. माझ्या खिशात नदीपलीकडच्या हॉस्पिटलचं कार्ड होतं, फोनमध्ये त्यांचा नंबर होता. पण चार माणसं दांडे धरून माझ्या तोंडाकडे पाहत होती आणि मला रडू आलं. गुडघा दुखत होता हे खरंच, पण रडलो ते त्यासाठी नाही. मी ज्याला ‘आपलं’ म्हणत होतो ते गेलं होतं, आणि ते गेल्याचं कळायला मला स्वतःला तिकडे न्यायची वेळ यावी लागली.

‘घरी आणा त्याला,’ मागून आईचा आवाज आला. ‘मी आहे.’

दोन आठवड्यांनी माझं गुडघ्याचं ऑपरेशन नदीपलीकडे झालं. उत्तम झालं. खोलीतून शहर दिसायचं, पंख्यावर कुणाचंही नाव नव्हतं, पंखाच नव्हता. चाकांच्या खुर्चीतून लिफ्ट, लिफ्टमधून गाडी, गाडीतून वाघोलीच्या पार्किंगमध्ये, तिथून पुन्हा चाकांची खुर्ची आणि पुन्हा लिफ्ट. पाय जमिनीला लावू दिला नाही. वॉचमनने गाडीचा नंबर लिहून घेतला. सातव्या मजल्यावरचा मुलगा लिफ्टमध्ये भेटला, कानात फोन होता, त्याने मान हलवली. अकराव्या मजल्यावर सगळी दारं बंद होती.

घरात शिरतो तोच आईचा फोन.

‘आलास?’

‘आलो,’ मी म्हटलं.

‘चालत?’

मी म्हटलं, ‘नाही गं. लिफ्टने.’

‘मग आलास कुठे? आणलंय तुला,’ आई म्हणाली. ‘ती खुर्ची इथे माझ्या जिन्याखाली आहे. नीट चालता यायला लागलं की इकडे ये. बोळाच्या तोंडाशी रिक्षा सोडायची आणि तिथून चालत. मी दारात असेन. तेव्हा विचारते.’

सध्या मी रोज सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये वॉकर घेऊन चालायला शिकतो आहे. काल लिफ्टपासून फाटकापर्यंत गेलो. आईच्या बोळाच्या मानाने अंतर अजून कमी आहे, आणि आईला फार वेळ दारात उभं राहवत नाही.